कुणाचाच नसलेला चेहरा

फ्लेक्सवर शिलाई मशीन एकच होतं आणि त्याला हात लावून उभे असलेले पुरुष सात. आठवी होती हलिमा, जिला ते मशीन मिळालं होतं. सातही जण कॅमेऱ्याकडे बघत होते. हलिमा मशीनकडे बघत होती. फ्लेक्स जेट्टीच्या तोंडाशी अकरा दिवस लटकला. बाराव्या दिवशी हलिमानं मशीन जमातखान्याच्या पायरीवर आणून ठेवलं, पोराला काखोटीला मारलं आणि सकाळच्या लाँचनं खाडीपलीकडे जी गेली ती गेलीच.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. पायरीवरचं ते मशीन उचलून आत नेणारी बाई म्हणजे खैरुन्निसा खोत, करंजखाडीची खैरूआपा. त्याच संध्याकाळी तिनं जमातीच्या बैठकीत पडद्यामागून विचारलं होतं, "सात जणांनी मिळून एक मशीन उचललं, तरी ते एवढं जड का झालं?" तेव्हापासून नियम झाला, की जकातीचं दान घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. मौलाना अब्दुस्समदांनी त्यावर जुम्म्याच्या नमाजाआधी प्रवचन, खुतबाच दिला. देऊन झाल्यावर उपकार बोलून दाखवला आणि समोरच्याचं मन दुखवलं की दान वाया जातं. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हातालासुद्धा कळू नये.

आता डाव्या हाताला कळू द्यायचं नाही म्हटलं, तरी द्यायचं कुणाला हे कुणाला तरी कळावंच लागतं. ते फ्लेक्सच्याही आधीपासून खैरूआपाला कळायचं. बैतुलमालमध्ये जमातीची जकात जमायची आणि कुणाच्या घरी खरी गरज आहे ते बघायला आपा जायची, कारण पुरुषांना घरात बैठकीच्या खोलीपलीकडे प्रवेश नाही आणि गरज कधी बैठकीत बसत नाही. ती स्वयंपाकघरात असते. आपा चहा घ्यायची, गप्पा मारायची, उठताना पिठाच्या डब्याला सहज कोपर लावायची. डबा वाजला की समजायचं.

कुलसुमच्या घरी तर तेही करावं लागलं नव्हतं. कुलसुमचा नवरा शब्बीर मुकादम दोह्याला मोठा सुपरवायझर होता. तीन वर्षांपूर्वी अर्धं अंग लुळं होऊन परत आला. रोज दुपारी बाराला त्या घरातून परतलेल्या कांद्याचा खमंग वास यायचा. शेजारी म्हणायचे, मुकादमांकडे रोज सालन शिजतं बाबा. आपा एकदा भर बाराला मागच्या दारानं गेली. तव्यावर अर्धा कांदा होता. बाकी चूल रिकामी.

"वास गेला की बास," कुलसुम हसून म्हणाली होती. "पोट काय, ऐकतं. शेजारी ऐकत नाहीत."

तेव्हापासून दर महिन्याला शब्बीरच्या नावानं 'कंपनीकडून थकबाकी' असं लिहिलेलं पाकीट त्या घरी जाई. जकात देताना ती जकात आहे हे सांगायलाच पाहिजे असं नाही, हे आपानं मौलानांना विचारून घेतलं होतं. शब्बीर पाकीट उशीखाली ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ, कंपनी विसरली नाय मला." हे माहीत असलेली माणसं दोन, आपा आणि कुलसुम. तिसरा अल्ला.

मग बैतुलमाल आटायला लागलं. कुवेत-दुबईतली पहिली पिढी म्हातारी झाली. त्यांच्या पोरांना करंजखाडी म्हणजे मामाच्या लग्नात एकदा पाहिलेलं, डास असलेलं गाव. त्यात जमातीनं किडनीच्या पेशंटांसाठी डायलिसिसचं केंद्र काढलेलं. चौदा माणसं आठवड्यातून दोनदा तिथं नळ्या लावून पडायची. जमातीचा सेक्रेटरी तौफीक पावसकर चाळिशीतला, दोह्यात कम्प्युटरवर काम करून परतलेला. त्यानं रमजानच्या तोंडावर 'मुखडा' आणला, फोनवर गरजवंताचा चेहरा दाखवून दान मागणारं ॲप.

"फोटो नाही आपा," तो म्हणाला. "फोटोला माणूस लागतो. हे चेहरे मशीन तयार करतं. जगात कुणाचेच नाहीत ते."

मौलाना बराच वेळ दाढीवरून हात फिरवत बसले. चित्रं काढावीत की नाहीत यावरच उलेमांत मतभेद. त्यात ही तऱ्हा. शेवटी म्हणाले, "ज्याला चेहराच नाही त्याची बेअब्रू होत नाही, हे खरं. पण खोटं सांगून दान मागता येणार नाही. खाली लिहा, ही व्यक्ती अस्तित्वात नाही. गरज आहे."

तसं लिहिलं गेलं. लोकांनी ते वाचलं नाही. चेहरा बघितला आणि दिलं. ईदपर्यंत बैतुलमाल काठोकाठ भरलं. तौफीकनं डायलिसिसला दोन खाटा वाढवल्या. खैरूआपाला वाटलं, चला, एकदाचं यंत्र माणसाची लाज राखायला शिकलं.

पावसाळा सरता सरता पहिली खूण दिसली ती बाजारात. कोळणीनं बांगडे पिशवीत घातले आणि पैसे घेईना.

"ऱ्हाऊ दे आपा."

"का गो? बांगडे शिळे हायत?"

कोळीण हसली नाही. तिनं आपाच्या चेहऱ्याकडे बघितलं, कळवळल्यासारखं, आणि आणखी दोन बांगडे टाकले. पुढच्या आठवड्यात लाँचमध्ये तिघे जण तिला जागा द्यायला एकदम उठले. कुवेतहून सुट्टीवर आलेल्या एका बाप्यानं, ज्याला तिनं लहानपणी शेंबूड पुसायला शिकवलं होतं, तिच्या मुठीत नोटा कोंबल्या आणि डोळे पुसत निघून गेला. आपानं त्या नोटा बैतुलमालमध्ये भरल्या आणि घरी येऊन आरशात बघितलं. आरशात नेहमीचंच होतं. चोपन्न वर्षांचं, गोल, हनुवटीखाली थोडं जास्तीचं.

तिचा नवरा बशीर जहाजावरचा भंडारी. तीस वर्षं समुद्रावर स्वयंपाक करून आता घरी बसून तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा. एक दिवस तो फोन घेऊन आत आला आणि बराच वेळ एकदा फोनकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

"खैरू, हे नाक तुझं हाय."

"माझं नाक माझ्याकडे हाय."

"बघ तर."

तिनं बघितलं. 'मुखडा'मधली बाई हाडकुळी होती, ओठ फुटलेले, एका डोळ्याखाली काळं पडलेलं. पण ते नाक तिचं होतं. डावी भुवई जिथं मधेच विरळ होते तिथंच विरळ झालेली. मान किंचित उजवीकडे कललेली. चाळीस वर्षं कुणाचं ऐकून घेताना ती कलते तशी. जणू तिलाच कुणीतरी वर्षभर उपाशी ठेवून पुन्हा आणून उभं केलं होतं. खाली लिहिलं होतं: ही व्यक्ती अस्तित्वात नाही. गरज आहे.

ती तशीच चप्पल घालून तौफीककडे गेली. "माझा फोटो दिलास?"

"तुमचा फोटो हाय कुणाकडे, आपा? पासपोर्टसुद्धा नाय तुमचा." तो पार पांढरा पडला होता. त्यानं तो चेहरा आधीच ओळखला होता आणि आठवडाभर गप्प होता, हे तिला लगेच कळलं. पिठाचा डबा वाजावा तसं.

मग त्यानं सांगितलं. युक्ती तशी जुनी. माणसाला एक धूसर चेहरा दाखवायचा. मग त्यात किंचित फरक करून दुसरा, तिसरा. ज्या ज्या चेहऱ्यानं तो जास्त हेलावतो ते बाजूला ठेवायचे. असं हजारो वेळा करून त्या सगळ्यांची सरासरी काढली, की त्याच्या मनात आधीपासून बसलेला चेहरा बाहेर येतो. त्याला स्वतःला शब्दांत सांगता आला नसता, असा. पूर्वी माणसाला विचारावं लागे. 'मुखडा' विचारत नाही. फोनचा कॅमेरा डोळ्यातल्या बाहुलीकडे बघतो. मन हललं की बाहुली केसभर मोठी होते. ते ना लपवता येतं, ना मुद्दाम करता येतं. उजेडामुळे झालेला फरक यंत्र वजा करतं आणि उरलेल्यावरून पुढचा चेहरा घडवतं. रोज, प्रत्येक बघणाऱ्यागणिक, थोडा थोडा.

"सुरुवातीला प्रत्येकाला वेगळा चेहरा दिसायचा," तौफीक म्हणाला. "पण आपले देणारे चारच हजार. लवकर शिकावं म्हणून यंत्रानं सगळ्यांच्या नजरा एकत्र केल्या. आणि सगळ्यांच्या मनात..."

"बोल."

"गरज म्हटलं की आपल्या माणसांना गरीब नाय आठवत, आपा. गरीब आपण बघितलेलेच नायत. नियमच हाय तसा. आपल्याला आठवता तुम्ही. बावीस वर्षं गरजेची खबर घेऊन दारात तुम्हीच उभ्या राहिलात."

आपा खुर्चीवर बसली. चार हजार माणसांच्या डोळ्यांतून, एकेका केसाएवढी, ती त्या यंत्रात उतरली होती. कुणी दिली नव्हती, कुणी घेतली नव्हती.

"मग हे डोळ्याखाली काळं कुणी केलं?"

"सवय होते लोकांना. तोच चेहरा दोनदा बघितला की बाहुली हलत नाय. मग यंत्र वाढवतं. थोडं थोडं."

थोडं थोडं वाढतच गेलं. पंधरवड्यात चित्रातल्या बाईचे केस विरळ झाले. मग एक डोळा सुजून मिटला. रस्त्यात बायका आपाचा तोच डोळा न्याहाळायच्या आणि तो उघडा बघून गोंधळायच्या. चहाच्या टपरीवर कुणीतरी बशीरला बाजूला घेऊन विचारलं, "भाय, घरात हात उगारता काय?" तीस वर्षांत ज्यानं तिच्यावर फक्त मिठावरून आवाज चढवला होता, तो त्या दिवशी घरी येऊन मीठ न मागता जेवला. टपरीवर जायचा बंद झाला. एकदा जेवताना तिनं मान वर केली तर तो तिच्या डाव्या डोळ्याकडे टक लावून बघत होता.

"काय?"

"काय नाय. सूज आल्यासारखी वाटली."

"बशीर!"

"नाय, नाय आली. मलाच वाटलं."

हेही तिनं सोसलं असतं. सोसवलं नाही ते कुलसुमचं दार. महिन्याचं पाकीट घेऊन ती मागच्या दारी गेली. कडी वाजवली. आत पावलं आली आणि थांबली.

"आपा, पुढच्या वेळेपासून येऊ नका." आवाज अगदी दाराला लागून होता. "रागावू नका. तुम्ही चालत आलात की लोक आधी तुमच्याकडे बघतात, मग तुम्ही कुणाच्या दारात थांबता तिकडे बघतात. पूर्वी तुम्ही कुणाकडेही यायच्या, सगळ्यांकडे यायच्या. आता तुमची सावली पडली तरी घर उघडं पडतं."

"पाकीट तरी घे गो."

"काल शेजारीण विचारून गेली, आपा तुझ्याकडे का येते? ह्यांच्या कानावर गेलं तर ते जेवणार नायत. औषधं तर नायच घेणार. ओळखता ना तुम्ही त्यांना?"

दार उघडलं नाही. त्या आठवड्यात आणखी चार दारं उघडली नाहीत. बावीस वर्षांत पहिल्यांदा आपा जमातखान्यात पाकिटं परत घेऊन आली आणि तिनं ती टेबलावर आपटली.

"बंद कर ते."

"चौदा माणसं नळीला हायत, आपा," तौफीक म्हणाला. "आता सतरा."

मौलाना तिथंच बसले होते. ते आजकाल कमी बोलायचे. म्हणाले, "चूक माझी आहे. मी विचारलं, चेहरा कुणाचा? बघणारा कुठं उभा आहे, हे विचारलंच नाही. न मागणाऱ्या गरजवंतांबद्दल कुराणात म्हटलंय, की तुम्ही त्यांना त्यांच्या खुणेवरून ओळखाल. ओळखाल म्हणजे दारापर्यंत जाल तेव्हा. खूण उठून तुमच्या फोनमध्ये येईल असं कुठं म्हटलेलं नाही."

"मग बंद करा."

"सतरा जणांना कोण सांगणार? तू सांगशील?"

नळीला लागलेल्यांत तिचा चुलत दीर होता, दोन लेकुरवाळ्या होत्या.

तौफीकनं मग तोडगा काढला. यंत्राला दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेनं शिकवायचं. "तुम्ही बसा, आपा. तुम्ही खरे गरजवंत बघितलेत. शेकडो. तुमच्या नजरेला मी पाच हजार माणसांचं वजन देतो. शेकडो चेहरे मिसळले की कुणाचाच राहणार नाय, आणि तुमचा पुसला जाईल. अर्ध्या तासाचं काम. दुपार कलल्यावर, असरच्या अजानला नवा चेहरा सगळ्यांना जाईल."

तिला ते पटलं. शेकडोंची सरासरी, त्यात कोण ओळखू येणार? दुपारची जोहरची नमाज कधीच झाली होती; असरला पाऊण तास उरला तेव्हा ती ऑफिसात बसली. तौफीकनं पडदा चालू केला आणि अदबीनं बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

आधी नुसतं धुकं. मग धुक्यात चेहरे: म्हातारी, पोरगी, बाप्या, पुन्हा म्हातारी. ते एकमेकांत विरघळत होते, पाण्यावर तेल सरकावं तसे. ती कुणाचाच विचार करणार नव्हती. तिनं मनात दरूदचा, पैगंबरांवरच्या दुआचा, जप चालू ठेवला. पण बाहुली दरूद ऐकत नाही. एक हनुवटी आली आणि गेली नाही. मग कपाळ आलं. मग यंत्रानं सुजलेला डोळा करून बघितला, आणि आवडला नाही असं समजून पुसला. फुटलेले ओठ पुसले. पडद्यावरचा चेहरा बरा व्हायला लागला. तजेलदार झाला. आणि मग तो हसला.

शेकडो घरं बघून खैरूआपाच्या मनात जखमा राहिल्या नव्हत्या, भूक राहिली नव्हती. राहिलं होतं एक हसू. वास गेला की बास, म्हणतानाचं. यंत्रानं ते खोल तळातून उपसून काढलं होतं आणि आता गालावरची खळी अचूक जागी बसवत होतं. कुलसुम मुकादम पडद्यावरून तिच्याकडे बघून हसत होती.

तिनं डोळे गच्च मिटले. घोंघावणारा पंखा तेवढा ऐकू येत होता.

"आपा?" दारापलीकडून तौफीक. "आलेख फार छान चाललाय. डोळे उघडे ठेवा. झालं तेवढं साठलंय."

"थांबवता येतं?"

"थांबवलं तर आत्ता जो चेहरा हाय तोच जाईल. मी येऊ का आत? बघू का?"

"येऊ नको!" ती ओरडली. तौफीक शब्बीरचा सख्खा भाचा होता. कुलसुम त्याची मामी.

अजानला पंधरा मिनिटं असतील. चार हजार फोन. त्यातला एक शब्बीरच्या उशीशी. मिटलेल्या डोळ्यांआड तिनं एकेक चेहरा आणून बघितला, याला पुढे करू का? हा? ही? प्रत्येकानं तिच्यासाठी मागचं दार उघडलं होतं. देण्यासारखा एकही नव्हता. ज्याच्यासाठी कुणाला विचारावं लागणार नव्हतं असा चेहरा तिच्यापाशी एकच होता.

तिनं डोळे उघडले. पडद्याच्या काळ्या कडेत तिचं पुसट प्रतिबिंब पडलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. पण नुसतं बघून भागत नव्हतं. बाहुली हलायला हवी होती आणि स्वतःची कीव करायची तिला सवय नव्हती. यंत्र वाट बघत होतं, कुलसुम हसत होती. मग आपानं स्वतःला कुलसुमच्या मागच्या दारी नेऊन उभं केलं. कडी वाजवली. पावलं आली, थांबली. येऊ नका, आपा. पुढचं दार. येऊ नका. त्याच्या पुढचं. मग घरी, ताटासमोर, तिच्या धडधाकट डोळ्यात सूज शोधणारा बशीर.

बाहुली हलली. पडद्यावरची खळी थरथरली आणि बुजली. विरळ भुवई परत आली, नाक आलं, मान उजवीकडे कलली. यावेळी सूज नव्हती, काळं नव्हतं. बंद दारासमोर उभी असलेली बाई, ओठ किंचित उघडे, नाव घेऊन हाक मारायच्या बेतात. असरची अजान झाली तेव्हा चित्र स्थिर झालं होतं.

तौफीक आत आला. त्यानं चित्र बघितलं. "हे काय केलंत? पुन्हा तुम्हीच!"

"खाली लिहिलंय ते काढ," ती म्हणाली. "बाई अस्तित्वात हाय. तिच्या इजाजतीनं दाखवलंय, असं लिही. आणि परत कुणाला तिथं बसवू नको. मौलानासाहेबांना मी सांगते."

हे चित्र पुढेही लोकांना सवयीचं झालं नाही. यंत्राला त्यात वाढवायला काही सापडलं नाही. केंद्रात आणखी खाटा आल्या. खैरूआपा मात्र पाहणीला जायची थांबली. तिच्या पिशवीत आता फक्त तिचा बाजार असायचा. गावानं मनोमन ठरवून टाकलं होतं, की खोतांचं दिवाळं वाजलंय आणि बशीर जुगारी आहे.

चित्र गेल्याच्या चौथ्याच दिवशी, ऐन दुपारी, पुढच्या दारानं कुलसुम आली. हातात मोठं झाकलेलं भांडं. गल्लीतल्या चार बायका आपापल्या उंबऱ्यावर आल्या.

"ह्यांनी पाठवलंय," कुलसुम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "फोनवर बघितलं आणि म्हणाले, खैरूआपाला असं ठेवायचं? कंपनीची थकबाकी हाय ना आपल्याकडे? आजपासून एक घास त्यांचा. किती दिवसांनी असे बोलले, आपा! उठून बसले." आणि मग हळू, ओठ न हलवता, "नाय म्हणू नका."

आपानं झाकण काढलं. खिमट होतं, पातळ, त्यावर परतलेला कांदा. तिनं भांडं आत नेलं, दुसऱ्या ताटात ओतलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. एवढं तर त्या चार बायकांनाही माहीत होतं. लोक दयेनं टाकून गेलेले तांदूळ घरात पोत्यानं पडले होते. तिनं भांडं तांदळानं गच्च भरलं, तळाशी जमातखान्यातून परत आणलेलं या महिन्याचं पाकीट सरकवलं, वर झाकण दाबलं आणि दारात येऊन दोन्ही हातांनी परत दिलं.

"उद्या येते," कुलसुम म्हणाली.

"ये."

द्यायला वाकताना आपाची मान उजवीकडे कलली, ओठ किंचित उघडले. गल्ली बघत होती. तिला दिसायला हवं ते दिसलं. कुलसुम भांडं सावरत निघून गेली. बायका उसासे टाकत आत गेल्या. आपा दार लावून वळली.

बशीर खिमटाच्या ताटाशी बसला होता. तो तिच्याकडे बघत राहिला.

"गेली ती," तो म्हणाला. "दार लावलंस. आता सोड की चेहरा."

"सोडला," खैरूआपा म्हणाली.

बशीर तिच्या अजून कललेल्या मानेकडे बघतच होता. त्यानं ताट तिच्याकडे सरकवलं.